गाळलेला परिच्छेद

सुमेधा गजभियेला स्वस्थ बसता येत नाही. हे तिच्या सासूबाईंना लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात कळलं, नवऱ्याला त्याच्याही आधी. चहा ठेवला की तो उकळेपर्यंत ती ओटा पुसते, ओटा पुसता पुसता फोन बघते, फोन बघता बघता चहा उतू जातो, मग ती पुन्हा ओटा पुसते. नवरा धम्मपाल म्हणतो, आमच्या घरात चहा पिण्यापेक्षा पुसण्यातच जास्त जातो.

आता ही ओटा पुसणारी बाई नेदरलँड्समधल्या अकरा हजार मराठी माणसांची ताई कशी झाली, ते सांगायला हवं. नागपूरला ती एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होती. तालुक्याचे वार्ताहर मारुतीच्या शेपटाएवढ्या बातम्या पाठवत आणि ऐनवेळी जाहिरात आली की त्या निम्म्या कराव्या लागत. श्यामकांतराव नावाचे मुख्य उपसंपादक होते, पान खाऊन बोलायचे. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, बातमी खालून कापायची. डोळे मिटून कापायची. कामाचं सगळं वर असतं, खाली नुसतं पाल्हाळ." पाच वर्षं सुमेधाने डोळे मिटून खालून कापलं. तिचा हात इतका बसला होता की सासूबाईंची पत्रंसुद्धा ती शेवटचा परिच्छेद सोडून वाचायची.

मग धम्मपालला टिलबर्गमध्ये नोकरी लागली. टिलबर्ग म्हणजे विद्यापीठाचं आणि गोदामांचं गाव. त्या गोदामांत कुठला खोका कुठे ठेवलाय हे सांगणारं सॉफ्टवेअर तो लिहितो. सुमेधाला इथे काम करायची परवानगी होती, पण मराठी उपसंपादक पाहिजे असं टिलबर्गमध्ये कुणी म्हणत नव्हतं. पहिलं वर्ष तिने सायकल शिकण्यात, ग्रंथालयात डचचे धडे गिरवण्यात आणि दोन वर्षांच्या संबोधीला बाबागाडीत घालून गावभर फिरण्यात काढलं. फिरून फिरून तिच्या दोन जोड्या चपला झिजल्या आणि डोकं जास्तच भणभणायला लागलं.

त्याच वर्षी तिने सुपरमार्केटमधून पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे वाहिले. सहा-सहा बाटल्यांचे गठ्ठे, सायकलच्या हँडलला दोन्हीकडे लटकवून, तीन महिने. शेवटी शेजारच्या यानेकेबाईंना राहवलं नाही. त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडला, ग्लास भरला आणि तिच्यासमोर घटाघट पिऊन दाखवला. सुमेधा त्या दिवशी इतकी हसली आणि इतकी रडली की घरी येऊन तिने सगळं लिहून काढलं आणि ब्लॉग सुरू करून त्यावर टाकलं. ब्लॉगचं नाव ठेवलं 'नळाचं पाणी'. पहिले चाळीस वाचक मिळाले, त्यातले तीस नात्यातले.

पण बाईला वाचक धरून ठेवायची कला होती. कमेंट करणाऱ्या प्रत्येकाला ती नावाने उत्तर द्यायची. आधीच्या वेळी त्याने काय लिहिलं होतं ते तिच्या लक्षात असायचं. दर रविवारी ती 'या आठवड्याची फजिती' असं एक पान उघडायची, आणि आधी स्वतःची फजिती लिहायची. मग लोकांना धीर यायचा. कुणी संध्याकाळी सहाला न कळवता सहकाऱ्याच्या घरी गेला आणि त्यांचं जेवण होईस्तोवर हॉलमध्ये एकटा बसून राहिला. कुणी वाढदिवसाला गेली आणि बाकीचे पाहुणे बसल्या-बसल्या सगळ्या नातेवाइकांचं अभिनंदन करतायत हे बघून तिनेही कुत्र्याचं अभिनंदन केलं. स्वतःच्या फजितीवर हसायला मिळालं की माणूस त्या जागी पुन्हा येतो, हे सुमेधाला बरोबर कळलं होतं. ब्लॉगचे चार भागांचे चार व्हॉट्सअॅप ग्रुप झाले. अॅमस्टेलव्हीनच्या शर्वरीने ग्रुप सांभाळायचं काम आपणहून अंगावर घेतलं. ती झुइडास या बड्या ऑफिसांच्या वस्तीतल्या एका सल्लागार कंपनीत आकड्यांचंच काम करायची, त्यामुळे कुठली पोस्ट किती जणांनी कुठपर्यंत वाचली याचे आलेख ती दर सोमवारी सुमेधाला पाठवायची. आलेख सांगत होता, सहाशे शब्दांनंतर लोक पळतात.

या सगळ्यात गाजलेली पोस्ट होती 'डॉक्टरांचा प्रसाद'. इथे काहीही झालं तरी आधी आपल्या ठरलेल्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे, फोन करावा लागतो, आणि फोनवरची बाई बहुतेक वेळा पॅरासिटॅमॉल घ्या म्हणून सांगते. त्यावर सुमेधाने लिहिलं होतं: ताप? पॅरासिटॅमॉल. पाठ? पॅरासिटॅमॉल. सासूबाई तीन महिन्यांसाठी येतायत? दोन पॅरासिटॅमॉल. आणि शेवट असा: 'काहीही झालं तरी तीन दिवस थांबा. तीन दिवसांनी फोन केलात तरी ते हेच सांगणार, मग आजच कशाला डोकं पिकवता?' साठ हजार लोकांनी ती पोस्ट वाचली. तिचे स्टिकर निघाले. पुण्यातली माणसं ती टिलबर्गच्या माणसांना पाठवायला लागली. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी, संबोधीची शाळा बुधवारी लवकर सुटते म्हणून सुमेधा तिला आणायला शाळेच्या फाटकापाशी उभी होती. फोन थरथरला. पडद्यावर दोन ओळी आल्या.

'अनिमेष: ताई, तुमची डॉक्टरची पोस्ट वाचून आम्ही आईला नेलंच नाही, म्हटलं पॅरासिटॅमॉलच देणार. आता आई...'

पुढे जागा संपली होती. सुमेधाने बोट लावलं. पान उघडलं. कमेंट नव्हती. तिने वर-खाली केलं, पान पुन्हा उघडलं, फोन बंद करून चालू केला. 'ही कमेंट काढून टाकली आहे' एवढंच आलं.

"मामा, कोम ये?" संबोधी दप्तर ओढत समोर उभी होती. आई, येतेस ना, असं डचमध्ये विचारत होती.

"हो गं. थांब एक मिनिट."

ते मिनिट काही संपेना. आता आई काय? आता आई बरी आहे? आता आई अंथरुणाला खिळली आहे? आता आई नाही? सायकल हातात धरून ती घरी चालत आली, चढून बसायचं लक्षातच राहिलं नाही. वाटेत तिने त्या वाक्याला दहा शेवट लावून पाहिले. चांगला एकच सापडला, आणि तो खरा असता तर माणसाने कमेंट काढली नसती.

घरी आल्याबरोबर तिने शोध सुरू केला. ब्लॉगवर अनिमेष या नावापुढे आडनाव नव्हतं, फोटोच्या जागी बर्फाचा डोंगर होता. चारही ग्रुप चाळून तिला तीन अनिमेष सापडले. उत्रेख्तच्या अनिमेषचं लग्न व्हायचं होतं आणि त्याची आई ठाण्यात खणखणीत होती. ताईंनी आपणहून आईची चौकशी केली म्हणून तो इतका भारावला की स्थळ बघा म्हणून मागेच लागला. आइंडहोवनच्या अनिमेषची आई सहा वर्षांपूर्वी वारली होती. दोघांनी घाईघाईने फोन ठेवला. तिसऱ्याने फोन उचलला नाही.

धम्मपाल संध्याकाळी आला तेव्हा ती उभ्या-उभ्याच जेवत होती.

"काहून इतकं टेन्शन घेऊन राहिली तू?" तो म्हणाला. "डिलीट केली म्हणजे काही झालं नसेल. रागाच्या भरात लिहून गेला असेल माणूस."

"राग कशाचा आला असेल, ते सांग ना."

धम्मपाल भला माणूस आहे, खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात. तो नुसता भांडी घासायला उठला.

दुसऱ्या दिवशी शर्वरीचा फोन आला. तिला सगळं कळवलं होतं, आणि शर्वरी रात्री विचार करून सकाळी निर्णय घेणाऱ्यांपैकी आहे.

"ऐक, पोस्ट हाइड कर. आजच. आणि सगळ्या पोस्टवर डिस्क्लेमर टाकू, की हा वैद्यकीय सल्ला नाही."

"त्याने त्याची आई बरी होईल का?"

"अगं, आपण डॉक्टर आहोत का? विनोदी पोस्ट होती ती. मोठी माणसं आहेत, आपापलं बघतील. आणि ग्रुपवर तर अजिबात विचारू नकोस. उद्या कुणी स्क्रीनशॉट काढून फिरवला ना, तर आठ वर्षांची मेहनत पाण्यात."

शर्वरीचं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. ग्रुपवर एक ओळ टाकली असती तर दहा मिनिटांत अनिमेष सापडला असता. घर भाड्याने हवं, मुलाला सायकल हवी, कोल्हापुरी मसाला संपला, काहीही असो, तिची माणसं दहा मिनिटांत शोधून देत. ती माणसं तिने अशीच एकेक करून जमवली होती. पण त्यांना शोधायला लावायचं तर का शोधतेय ते सांगावं लागणार होतं. सुमेधाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

आणि मग तिने जे पहिल्या तासात करायला हवं होतं ते केलं. जुना लॅपटॉप काढून त्या पोस्टचा मूळ खर्डा उघडला. काहीतरी आहे हे तिला कालपासून माहीत होतं, म्हणूनच ती तिकडे फिरकली नव्हती.

खर्ड्यात शेवटी एक परिच्छेद होता. 'पण छातीत दुखत असेल, तोंड एका बाजूला वाकडं वाटत असेल, हातातलं भांडं सुटत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तर यातलं काही लक्षात ठेवू नका. क्षणभरही थांबू नका. ११२ लावा. शनिवार असो, रविवार असो, भाषा येत असो-नसो. आमच्या यानेकेबाईंच्या नवऱ्यासाठी सात मिनिटांत गाडी दारात आली होती. या एका बाबतीत इथल्यासारखी माणसं नाहीत.'

सगळं होतं. तिनेच लिहिलं होतं. आणि टाकायच्या आधी दोन मिनिटं तिनेच गाळलं होतं, कारण पोस्ट सातशे शब्दांवर गेली होती, कारण विनोदावर संपलेली पोस्ट लोक पुढे पाठवतात, आणि कारण श्यामकांतरावांनी सांगितलं होतं, खाली नुसतं पाल्हाळ असतं. श्यामकांतरावांचं खरंच होतं, पण बातमीपुरतं. बातमीत कामाचं वर असतं. सुमेधाने आठ वर्षं गंमत वर लिहिली होती आणि कामाचं खाली, आणि कात्री मात्र तीच जुनी, खालून चालणारी. हे इतकं साधं होतं की आजवर आपल्याला कसं दिसलं नाही, याचाच तिला संताप आला. तिने लॅपटॉप मिटला आणि जिन्याने तीनदा वर-खाली केलं. वर काही काम नव्हतं, खालीही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी संबोधी शाळेत गेल्यावर तिने सगळं लिहिलं. काय लिहिलं होतं, काय गाळलं, का गाळलं. आलेखाचं लिहिलं, शेवटच्या विनोदाचं लिहिलं. गाळलेला परिच्छेद जसाच्या तसा सगळ्यात वर घातला. शेवटी लिहिलं, 'अनिमेष, तुमच्या आई कशा आहेत? मला काय बोलायचं ते बोला, पण एवढं कळवा.' शर्वरीला न विचारता तिने ते ब्लॉगवर आणि चारही ग्रुपवर टाकलं आणि फोन उलटा करून ठेवला. मग लगेच सुलटा केला.

दुपारपर्यंत चारशे कमेंट आल्या. सुमेधा प्रत्येक कमेंट अनिमेषची असेल म्हणून उघडायची, आणि प्रत्येकीत तिचं कौतुक असायचं. 'ताई, एवढा प्रामाणिकपणा आजकाल कुठे बघायला मिळतो?' 'डोळ्यांत पाणी आलं.' 'तुमची काहीच चूक नाही, स्वतःला त्रास करून घेऊ नका.' टाळ्या, हृदयं, जोडलेले हात. एकाने तर यावर छान रील होईल असं सुचवलं. आपल्या हातून बहुतेक एका बाईचं वाटोळं झालंय असं ती लिहीत होती, आणि लोक तिची पाठ थोपटत होते. तिला विचारायचं होतं, अहो, त्या बाईंचं कुणी विचारताय का? आणि सगळ्यात वाईट हे की एकदा, संबोधीची पोळी भाजत असताना, तिचं बोट आपणहून आलेखाकडे गेलं. पॅरासिटॅमॉलच्या पोस्टनंतर एवढा उंच आलेख कधी गेला नव्हता. तिला स्वतःची किळस आली. पोळी करपली.

एक कमेंट तेवढी वेगळी होती. टिलबर्गच्याच नीलमची. तिने लिहिलं होतं, 'गेल्या वर्षी लेकीच्या पोटात दुखत होतं तेव्हा मीही दोन दिवस थांबले होते. अपेंडिक्स निघालं. वेळेवर झालं सगळं, म्हणून तुम्हाला कधी बोलले नाही.' सुमेधाने ती कमेंट इतक्या वेळा वाचली की तिला पाठ झाली. म्हणजे अनिमेष एकटाच नव्हता. न बोललेले आणखी किती असतील, कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी अनिमेष. ग्रुप सांभाळणाऱ्या शर्वरीकडून नंबर घेतला."

सुमेधा खुर्चीतून उठली. "आई?"

"आई आहे."

पलीकडे मागे कुठेतरी ट्रॉली ओढत नेल्यासारखी खडखड चालली होती.

"उजवी बाजू गेलीय," तो म्हणाला. "बोलणं थोडंथोडं येतंय."

"मी भेटायला येऊ का?"

"कशाला?"

"माहीत नाही हो. पण येऊ द्या."

ट्रॉलीची खडखड लांब गेली. मग तो म्हणाला, "बुधवारी चारला हॉस्पिटलमध्ये या. आणि हे कुठे लिहू नका."

बुधवारी संबोधीला यानेकेबाईंकडे सोडून ती गाडीत बसली. डेन बॉशला गाडी बदलली. गाडीत बसून ती मनात वाक्यं जुळवत होती. मला माफ करा, हे फार सोपं वाटत होतं. मी जबाबदारी घेते, हे मंत्र्यासारखं वाटत होतं. फोन मध्येच थरथरत होता. 'ताई, सापडले का अनिमेष?' 'आजी कशा आहेत, अपडेट द्या ना.' आता सगळे त्या बाईंचं विचारत होते, आणि आता सुमेधाला सांगायचं नव्हतं. झुइडासचे काचेचे मनोरे खिडकीतून आले आणि गेले. तिने फोन पिशवीच्या तळाशी टाकला.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर चहा-कॉफी मिळायची जागा होती. तिथे अनिमेष बसला होता. चाळिशीचा, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच लटकलेलं, दाढी वाढलेली. त्याने नमस्कार केला नाही, पण तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"सांगतो," तो म्हणाला. "कारण तुम्ही विचारणारच."

आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आली होती. लीलावती तिचं नाव. शाळेत शिकवायची, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. त्या शनिवारी सकाळी तिच्या हातातून कप पडला. तोंड जरा वेगळं दिसत होतं. बायको म्हणाली, फोन करू या.

"मी म्हटलं, शनिवार आहे, अर्धा तास फोन धरायला लावतील आणि पॅरासिटॅमॉल सांगतील. तर आईच म्हणाली, हो रे, ती सुमेधा लिहिते ना, तीन दिवस थांबा म्हणून." तो टेबलाकडे बघत होता. "तुमची वाचक आई आहे, ताई. मी तुमचं काही वाचलेलं नव्हतं. ती इकडे यायच्या आधी नाशिकला बसून सगळं वाचून आली होती. तेव्हा आम्ही तिघंही हसलो. आईला हसताना मी नीट बघितलं असतं तरी कळलं असतं. पण मी फरशीवरचा चहा पुसत होतो."

सोमवारी तिला उठता येईना. मग ११२ लावला. आठ मिनिटांत गाडी आली.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? मी सांगितलं, शनिवारपासून. त्यांनी नुसतं लिहून घेतलं."

सुमेधाने विचारलं, "कमेंट का काढली तुम्ही?"

"लिहिताना वाटलं, हिला चांगलं सुनवावं. मग वाटलं, फोन तर माझ्या हातात होता." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "सगळे मला सांगतात, तुझी काही चूक नाही. बायको सांगते, बहीण नाशिकहून सांगते, इथली सोशल वर्करपण सांगते. तुमच्या त्या पोस्टखाली चारशे लोक तुम्हाला हेच सांगतायत. वाचलं मी. तुम्हाला पटलं?"

"नाही."

"मलापण नाही पटत." तो म्हणाला. "माफ-बिफ मला जमणार नाही, ताई. पण एक करा. यातली अर्धी चूक तुम्ही घ्या. लिहिण्यात नाही, खरोखर घ्या. जन्मभरासाठी. सगळी माझ्या एकट्याकडे आहे आणि मला रोज आईसमोर जाऊन बसायचंय. एकट्याने नाही पेलत मला."

दोन तासांचा प्रवास करून सुमेधा आली होती ती काहीतरी उतरवून ठेवायला. ते आत्ता तिला कळलं. गाडीत जुळवलेलं प्रत्येक वाक्य त्याचसाठी होतं. त्याने मागितलं ते अगदी उलटं होतं, आणि ते योग्य होतं.

"घेते," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. कागदी कप चुरगाळून टोपलीत टाकला आणि उठला. "चला, वर जाऊ. तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतंय, तुम्ही सहज भेटायला आलाय. सकाळीच केस विंचरून घेतलेत."

खोली चौथ्या मजल्यावर होती. खिडकीशी एक बारीकशी बाई उशांना टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा. सुमेधा दिसली आणि तिच्या चेहऱ्याची डावी बाजू उजळली. तिने डावा हात पुढे केला. सुमेधाने तो धरला आणि पलंगाच्या कडेला टेकली. हाताची पकड चांगली घट्ट होती.

गोळ्या द्यायला आलेली नर्स दारातच हसून थांबली. लीलावतीबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग सुमेधाकडे, आणि एकेक शब्द शोधून, उचलून ठेवत म्हणाल्या, "ही... आमची... लेखिका."

अनिमेषने ते नर्सला डचमध्ये सांगितलं. सांगताना त्याचा आवाज सपाट होता.

"अरे वा!" नर्स सुमेधाला म्हणाली. "कशाबद्दल लिहिता तुम्ही?"

आठ वर्षांत हा प्रश्न तिला शाळेच्या फाटकात, गेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात, वाढदिवसांना किती वेळा आला असेल, गणती नाही. त्याचं उत्तर डचमध्ये तिला पाठ होतं, आणि दुसरं काही सुचायच्या आत तेच बाहेर पडलं.

"नवीन आलेल्या लोकांना मदत व्हावी म्हणून लिहिते."

"किती छान!" नर्स म्हणाली आणि गोळ्या मोजायला लागली.

काय बोलणं झालं ते लीलावतीबाईंना कळलं नव्हतं, पण नर्सच्या सुरातलं कौतुक कळलं होतं. त्यांनी मोठ्या अभिमानाने मान डोलावली आणि सुमेधाचा हात दाबला. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला अनिमेष येऊन बसला, आईचा निजलेला उजवा हात त्याने आपल्या हातात घेतला. सुमेधा आणि तो एकमेकांकडे बघत नव्हते.